मदत हवी आहे: हेम्पच्या बिया आणल्यात, कच्चा व्हीगन स्वयंपाक करायचाय, शनिवारी पाहुणी येतेय

घाईतली_मामी
मंडळी, जरा लवकर सांगा. नणंदेची लेक म्युनिकहून नाताळच्या सुट्टीत आलीय आणि शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवायला आहे. ती आता रॉ व्हीगन झालीय, म्हणजे दूध-दही-तूप तर नाहीच, पण गॅसवर चढलेलं काहीच नाही. त्यात नणंदेचा मेसेज, "वहिनी, हेम्प सीड्स घालून काहीतरी कर, ती रोज खाते, प्रोटीन मिळतं." अर्धा किलो मागवल्या, चांगल्याच महाग पडल्या. खजूर घालून लाडू वळले तर दाताखाली वाळू आल्यासारखी कचकच. दूध काढलं तर राखाडी पाणी, वर कडवट. व्हिडिओत सगळ्यांचं पांढरंशुभ्र येतं, माझंच असं का? आणि जेवायला अजून काय काय करू? नुसतं सॅलड सांगू नका, ते मलाही येतं. "तिला समजावून सांगा" हेही नको, नणंदेची मुलगी आहे.

निमा_ठाणे
बिया सालासकट आहेत की सोललेल्या? रंग कोणता? दूध गाळलं होतं का? मिक्सर किती वेळ फिरवला? एवढं कळल्याशिवाय कसं सांगणार.

तर्रीबाज
दडपे पोहे! ओलं खोबरं, कांदा, लिंबू, गॅस लागतच नाही. प्रश्न मिटला.

घाईतली_मामी
@निमा अहो बिया म्हणजे बिया, पाकिटावर हेम्प सीड्स एवढंच लिहिलंय. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, करड्या, वर नक्षी असल्यासारख्या रेघा. मिक्सर साधाच, चटणीचं भांडं, बारीक होईनात म्हणून बराच वेळ फिरवला.

निमा_ठाणे
मग बरोबर, सालासकट आहेत. व्हिडिओतल्या सोललेल्या असतात, त्यांना हेम्प हार्ट्स म्हणतात, पांढरट-हिरवट आणि तिळापेक्षा मऊ. त्या लाडवात, कोशिंबिरीत तशाच टाकायच्या, भिजवायचं भाजायचं काही नाही. दुधाला १ वाटी सोललेल्या बियांना ३ ते ४ वाट्या गार पाणी, दोन-तीनदा थांबून थांबून फिरवायचं, गाळावंही लागत नाही. तुमच्याकडच्या बियांचं साल कडक असतं, मिक्सरमध्ये ते दळलं गेलं की कचकच, आणि कडवटपणाही बराचसा त्याचाच. सलग फिरवलंत की भांडं गरम होतं, मग ते रॉही राहत नाही. ही मंडळी साधारण ४२ ते ४८ अंशांच्या वर तापवलेलं खात नाहीत, प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा.
आणि एक, बिया चावून बघा. जुन्या तेलासारखा किंवा ऑइल पेंटसारखा वास आला तर खवट झाल्यात, सरळ परत पाठवा. या बियांतलं तेल लवकर खराब होतं, पाकीट फोडलं की फ्रीजमध्येच.

जवस_तीळ_कारळे
एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे जवस आहे, तीळ आहे, कारळे आहेत. आजीच्या डब्यात हेच होतं. परदेशातून नाव फिरून आलं की आपण दामदुप्पट मोजतो. मामी, त्या बिया ठेवा बाजूला आणि जवसाची चटणी करा.

निमा_ठाणे
जवसाची चटणी भाजून करतात, तिला कच्चं हवंय. आणि जवसाशी भांडण नाही माझं, पण १०० ग्रॅम सोललेल्या हेम्पमध्ये ३१ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, जवसात १८. ३ मोठे चमचे हेम्प, म्हणजे ३० ग्रॅम, खाल्लं की साडेनऊ ग्रॅम पोटात. जी मुलगी डाळ शिजवून खात नाही तिला हे लागणारच.

जवस_तीळ_कारळे
आणि ओमेगा ३? त्यात जवस कितीतरी पुढे आहे, तेही सांगा ना. किंमत पण सांगा.

निमा_ठाणे
पुढे आहे, मान्य. पण कुटून खाल्लं तर. अख्खं जवस जसं आत जातं तसंच बाहेर येतं.

तर्रीबाज
जेवणाच्या धाग्यावर काय हे 😄 बाकी माझ्या दडप्या पोह्यांकडे कोणी बघेल का?

वरण_भात_लिंबू
@तर्रीबाज पोहे रॉ नसतात हो. साळी गरम पाण्यात भिजवून, भट्टीत भाजून मग कांडतात, आमच्या गावाला गिरणी आहे. साबुदाणाही नाही, गूळही नाही, रस उकळल्याशिवाय गूळ होतो का. गोडाला खजूर, मनुका, अंजीर. मध व्हीगनला चालत नाही.

तर्रीबाज
मग खाते काय ती बिचारी? विमानात बसून येते ते चालतं का?

घाईतली_मामी
तर्रीबाज, विषय नको भरकटवू. मला शनिवारचं सांगा, आज गुरुवार आहे. सोललेल्या बिया आता मागवल्या तर येतील का माहीत नाही. या अर्धा किलोचं काय करू?

रानीखेत_रिटर्न
वहिनी, बिया टाकू नका. माझी फौजेत बरीच वर्षं उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये गेली. तिथे या बियांना कोणी हेम्प सीड म्हणत नाही, भांगेच्या बिया म्हणतात आणि घरोघरी चटणी होते. सालासकटच वापरतात, पण पाट्यावर पाणी टाकत टाकत वाटून फडक्यातून पिळतात आणि चोथा टाकतात. ते दुधासारखं पाणी गडेरीच्या म्हणजे आपल्या अळकुड्यांच्या भाजीत घालतात, थंडीत काय लागतं म्हणून सांगू. चटणीसाठी ते बिया भाजतात, तुम्ही भाजू नका. २ तास भिजवा, थोड्या पाण्यात भरड वाटा, पंचाच्या फडक्यातून दाबून पिळा, तो घट्ट रस घ्या. त्यात कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबू सढळ हाताने. तिथलं डोंगरी लिंबू मोसंब्याएवढं असतं, त्याची सर नाही पण चालेल. रंग राखाडी-हिरवाच येणार, पुदिना जास्त घातला की दिसत नाही.

काळजीवाहू
भांगेच्या बिया??? पाहुणीला भांग खायला घालणार? पोलीस केस होईल. धागा उडवा कोणीतरी.

कायदा_कट्टा
काही केस होत नाही. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे शेंडे, फुलोरा. शेंड्याशिवायच्या बिया आणि पानं त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. शिवाय एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलेत, बियांत टीएचसी, म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको अशी अट घालून. पाकिटावर परवाना क्रमांक आहे ना तेवढं बघा. सुट्ट्या, कुठल्यातरी टपरीवरच्या घेऊ नका.

दर्यावर्दी
बरोबर, पण मर्चंट नेव्हीवाल्यांनी लांबच राहावं. आमच्या कंपनीत जॉइनिंगच्या आधी ड्रग टेस्ट असते आणि हेम्पचं काहीही खाऊ नका असं लेखी दिलंय. बियांनी काही होत नसेलही, पण नोकरी पणाला कोण लावणार. आणि आखाताकडे जाणाऱ्यांनी खसखसही बॅगेत टाकू नये, दुबईला चालत नाही. बायकोने एकदा अनारशांसाठी बांधून दिली होती, विमानतळावर जायच्या आधीच काढून ठेवली.

वैद्यबुवा_नव्हे
हिवाळ्यात अग्नी चांगला असतो म्हणून ठीक, पण पावसाळ्यात हे कच्चं खाणं म्हणजे वाताला आमंत्रण. दुपारी सुंठ घातलेलं कोमट पाणी द्या. सकाळी दुधीचा रस द्या.

निमा_ठाणे
दुधीचा रस नको प्लीज, किंवा देणारच असाल तर आधी तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, कडू दुधीचा रस पिऊन लोक दवाखान्यात गेलेत. साखर घालून दडपायचं नाही.

पनीर_टू_व्हीगन
मी काही वर्षांपासून व्हीगन आहे, माझी खात्रीची डिश सांगते. काजू रात्रभर भिजवा, लिंबू-मीठ घालून वाटा, क्रीम तयार. त्यात काकडीच्या लांब पट्ट्या घोळवा, वर हेम्प. बदामाचं दूध, अक्रोड-खजूर बर्फी, सगळं मस्त होतं. तसे बाजारातले काजू टरफल फोडायच्या आधी वाफवलेले किंवा भाजलेले असतात, कट्टर रॉवाले त्यालाही नाक मुरडतात, पण बहुतेक जण खातात.

घाईतली_मामी
काजू-बदाम-अक्रोड काहीच चालणार नाही, तिला लहानपणापासून ॲलर्जी आहे. म्हणून तर बियांवर आहे ना ती.

पनीर_टू_व्हीगन
अहो हे पहिल्या ओळीत हवं होतं! मी आख्खा मेनू लिहिला. शेंगदाणे? नारळ? तीळ? हे तिलाच विचारा, आम्हाला नाही. आणि हेम्पचं, खजुराचं पाकीट उलटून बघा, त्याच कारखान्यात काजू-बदाम हाताळतात असं लिहिलेलं असतं पुष्कळदा.

घाईतली_मामी
विचारलं. शेंगदाणा, नारळ, तीळ, तिन्ही चालतात. लसूण-मिरची पण खाते, तिखट आवडतं म्हणे. पाकीट बघितलं, तसं काही लिहिलेलं नाही.

सोलापूरची_शोभा
मग मामी, एवढं काय डोक्याला लावून घेता, घोळाणा करा की! मेथीची कोवळी जुडी, बारीक पानांची घ्या, मोठ्या पानांची कडू लागते. फक्त पानं खुडायची, मिठाच्या पाण्यातून काढून चांगली निथळून कोरडी करायची, नाहीतर सगळं पाणचट. जाडसर चिरायची. त्यात कांदा बारीक, टोमॅटो, हिरवी मिरची मिठाबरोबर ठेचून. आम्ही शेंगदाण्याचा कूट भाजलेल्या दाण्यांचा घालतो, तुम्ही कच्चे दाणे ४-५ तास भिजवून, पुसून, खलबत्त्यात अर्धबोबडे कुटा. वरून घाण्याचं कच्चं तेल. फोडणी नाही, आमच्याकडे मुळातच कच्च्या तेलाचा करतात. लिंबू पिळून हातानेच हलकं कालवायचं, चमच्याने नाही, आणि पानावर बसायच्या वेळीच, आधी करून ठेवलात तर मान टाकतो. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा पण करतात, आत्ता सीझन आहे, मंडईत मिळाले तर सोडू नका.

वरण_भात_लिंबू
+१. आमच्याकडे भाकरीबरोबर ताटलीभर संपतो. पण भाकरी नाही म्हटल्यावर…

सोलापूरची_शोभा
भाताच्या जागी फ्लॉवर किसा. किसणीवर, मिक्सरमध्ये नको, लगदा होतो. त्यात ओले मटार, खोबरं, कोथिंबीर.

कुडाळकर
आणि सोलकढी कोणालाच आठवली नाही? मूळची व्हीगन आणि मूळची कच्ची. फक्त डब्यातलं नारळाचं दूध नको, ते तापवलेलं असतं. नारळ खवून साध्या पाण्यात वाटून पिळा. आमसुलं सकाळीच गार पाण्यात टाका, गरम पाणी नाही म्हटल्यावर रंग सुटायला वेळ लागतो. लसूण, मिरची ठेचून. तुमच्या त्या हेम्पच्या दुधापेक्षा कधीही बरी.

रानीखेत_रिटर्न
कुडाळकर, हेम्पचं पिळलेलं पाणी थोडं नारळाच्या दुधात मिसळून बघा, आम्ही मेसमध्ये केलंय.

कुडाळकर
सोलकढीत भांगेच्या बिया? काका, सुपारी देईन मी तुमची.

आजीचा_डबा
कडवे वाल मोड आणून सोलून तसेच कालवा, छान लागतील.

निमा_ठाणे
वाल कच्चे अजिबात नको! वाल, पावटा, राजमा कच्चे खायचे नसतात, मोड आणले तरी. मूग आणि मटकी चालते, मोड अर्धा इंचाच्या आत, तीन-चारदा धुऊन, फ्रीजमध्ये. मोडांना चिकटपणा किंवा वास आला की टाकून द्या, पाहुणीचं पोट बिघडलं तर नणंद आयुष्यभर ऐकवेल.

भावी_आहारतज्ज्ञ
कोणी बी१२ बद्दल बोललंच नाही. हेम्प, जवस, मोड, कशातच ते भरवशाचं मिळत नाही, गोळी घ्यावी लागते. तिचं बी१२ केव्हा तपासलंय? वजन किती? आणि लोहासाठी जेवणात आवळा ठेवा, क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं.

घाईतली_मामी
वजन कसं विचारू हो पाहुणीला. आवळ्याचं घेतलं लिहून. लाडवाचं कोणी सांगेल का? कचकचीत लाडू डबाभर पडलेत.

निमा_ठाणे
ते घरच्यांना चहाबरोबर द्या. नव्याने करताना या बिया घालूच नका. बिया काढलेला मऊ खजूर, ओलं खोबरं, अख्खे तीळ, वेलची, एवढंच हाताने मळा, मिक्सर नको. सोललेल्या मिळाल्या तर शेवटी त्यात घोळवा. ओलं खोबरं आहे, तेव्हा त्याच दिवशी संपवा.

घाईतली_मामी
शनिवार पार पडला. सोललेल्या बिया आल्याच नाहीत. घोळाणा, फ्लॉवरचा भात, फौजी काकांची चटणी, सोलकढी (बिनहेम्पची, कुडाळकर!), मटकी, खजुराचे लाडू आणि आवळ्याच्या फोडी केल्या. घोळाणा तिने परत परत घेतला, मग आमच्या ह्यांनी भाकरी मागितली ती त्यांना करून दिली. चटणी मला जरा तुरट वाटली, तिने मात्र बाटलीत भरून नेली. बिया अजून पाव किलोच्या वर उरल्यात आणि गाळलेला चोथा वाटीभर फ्रीजमध्ये आहे.

सोलापूरची_शोभा
चोथा थालीपिठाच्या भाजणीत कालवा, भाजल्यावर कचकच खपून जाते.

जवस_तीळ_कारळे
एवढ्या पैशात जवस वर्षभर आलं असतं. असो. तो फ्लॉवर किसल्यावर वास येत नाही का?

तर्रीबाज
मटकी उरली असेल तर पत्ता सांगा, तर्री मी आणतो.