मदत हवी आहे: नील आणि हॅवलॉकला आईला (वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले) जिवंत प्रवाळ कसं दाखवता येईल?

नमस्कार मंडळी. अंदमानवरचे इथले जुने धागे दोन रात्री बसून वाचून काढले. विमान, हॉटेल, पॅकेज यांची माहिती भरपूर मिळाली. माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून नवा धागा काढते आहे. लांबलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया दीड वर्षापूर्वी झाली. सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते, जिना कठडा धरून चढते-उतरते. खाली बसता येत नाही. बीपीची गोळी रोज. पोहायला येत नाही. चष्मा उणे साडेतीनचा.

आईने कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मीही तिच्याच वर्गात होते. सिलेंटराटा संघ आला की ती रंगीत खडूंनी फळा भरून प्रवाळ काढायची. नळीसारखं अंग, तोंडाभोवती शुंडकं, खाली चुन्याची वाटी. गुलाबी खडू संपला की उरलेलं चित्र पिवळ्याने. प्रयोगशाळेच्या कपाटात एका बरणीत तारामासा होता आणि शेजारी पांढरं, कोरडं, मुठीएवढं प्रवाळाचं ढेकूळ. ते ती वर्गात हातोहात फिरवायची आणि तास संपला की स्वतः पुसून परत ठेवायची. जिवंत प्रवाळ मात्र तिने आजवर पाहिलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मालवणला गेलो होतो. स्नॉर्कलिंगचे चौघांचे पैसे भरले. "आजींनाही दाखवतो, काळजी नको" असं सांगून नेलं आणि नाव नांगरल्यावर म्हणाले, आजींनी नावेतच बसावं. आम्ही पाण्यात असताना ती पावणेदोन तास उन्हात बसून होती. नावेला छप्पर नव्हतं. आम्ही वर आलो तेव्हा आमचे चष्मे, घड्याळं, चपला पिशवीत घालून ती पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. "मला छान वारा लागला" म्हणाली. ते दृश्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. या वेळी आई पिशवी सांभाळत बसणार नाही, एवढं मी ठरवलं आहे.

बेत असा आहे. ३० जानेवारीला पुण्याहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). ३१ला हॅवलॉक, दोन रात्री. २ फेब्रुवारीला नील, दोन रात्री. ४ला परत पोर्ट ब्लेअर, तिथे दोन रात्री, ६ला परतीचं विमान. आईला सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायची आहे, त्यासाठी पोर्ट ब्लेअरला निवांत वेळ ठेवला आहे.

आता जिथे अडले आहे ते. नीलच्या लक्ष्मणपूरला ओहोटीत खडकांमधल्या डबक्यांत प्रवाळ, खेकडे, समुद्रकाकडी दिसते आणि पुढे दगडाची नैसर्गिक कमान आहे, असं वाचलं. फोटोत तिथली जमीन फार उंचसखल दिसते. आईला कितपत जमेल? ओहोटीची वेळ आधी कळते का? कोकणातला तिथीचा हिशोब तिथे चालतो का?

नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची नाव असते. त्यात चढायचं कसं, धक्क्यावरून की पाण्यातून? आणि काचेतून खरंच काही दिसतं, की नुसता हिरवा धूसरपणा?

आईला पाण्यात उतरवावं का? हा विचारही वेडेपणाचा आहे का, ते स्पष्ट सांगा. राग येणार नाही.

लेकीला रात्री चमकणारा समुद्र बघायचा आहे. तो हॅवलॉकला दिसतो असं तिच्या मैत्रिणीने सांगितलंय.

शेवटचं म्हणजे, शाळेतलं ते ढेकूळ मध्यंतरी फुटलं. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा शाळेसाठी आणता येईल का?

खाडीकाठ:
तुमच्या तारखा पाहून आनंद झाला. १ फेब्रुवारीला माघ पौर्णिमा आहे. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं आणि त्याच दिवसांत ओहोटीलाही पाणी सर्वांत खाली जातं. म्हणजे तुम्ही नीलला असाल तेव्हाच डबकी सगळ्यांत जास्त उघडी पडतील. असे दिवस ठरवूनही मिळत नाहीत.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपला हिशोब मुंबई-कोकणापुरता. चतुर्थीला तीन वाजता भरती, वगैरे. अंदमानात तो लावू नका, तिथे भरतीची वेळ वेगळी येते. पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं, हे मात्र तिथेही खरं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं भाकीत मिळतं. ते बघून त्या दोन दिवसांच्या ओहोटीच्या वेळा वहीत लिहून घ्या आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. लोक उलटं करतात. ड्रायव्हर नेईल तेव्हा जातात आणि भरतीचं पाणी बघून परत येतात.

कमानीबद्दल खरं सांगतो. (स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी हे बेट वसवलं, म्हणून.) गाडी थांबते तिथून पायऱ्या उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. पुढची वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडकावरून आहे. टोकदार, भोकाभोकांचा खडक आणि वर शेवाळ. धडधाकट माणूसही तिथे घसरतो. आईंना कमानीपर्यंत नेऊ नका. पण पहिली डबकी बरीच अलीकडे लागतात. तिथे स्थानिक वाटाडे पैसे घेऊन सोबत येतात. एक वाटाड्या फक्त आईंसाठी घ्या आणि त्याला सांगा, कमान नको, जवळचं चांगलं डबकं दाखव. सोबत घडीचं स्टूल न्या. डबक्याशेजारी स्टुलावर बसून बघितलं की पाचव्या मिनिटाला पाण्यात हालचाल दिसायला लागते. उभ्या उभ्या बघणाऱ्यांना काहीच दिसत नाही.

निशिगंध:
वेडेपणा अजिबात नाही. माझ्या सासऱ्यांना आम्ही ६९व्या वर्षी पाण्यात नेलं होतं, त्यांनाही पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट, वर रबरी रिंग, रिंगेला दोरी आणि दोरी धरून पुढे पोहणारा प्रशिक्षक. आपण फक्त पालथं तरंगायचं आणि तोंड पाण्यात घालायचं. गुडघ्यावर भार येतच नाही. अवघड असतं ते नावेतून पाण्यात उतरणं आणि परत चढणं. म्हणून नावेतून उडी नको. किनाऱ्यावरून, वाळूचा तळ असेल तिथून, कमरेएवढ्या पाण्यात चालत जायचं आणि तिथून तरंगायचं. भरतपूरचा तळ बराचसा वाळूचा आणि उथळ आहे. पाणी भरलेलं असताना जा, ओहोटीत तिथे नावाही नीट चालत नाहीत आणि पोहणाऱ्याचे पाय प्रवाळाला लागतात.

मात्र चष्म्याचं आजच बघा. चष्मा घालून मास्क लावला तर काडीमुळे फट राहते आणि पाणी आत येतं. नंबरचे मास्क मिळतात, पण सगळ्यांकडे नसतात. फोन करून "उणे साडेतीनचा मास्क आहे का" असं नंबर सांगूनच विचारा. नसेल तर इथूनच विकत न्या. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही हे विसरलो होतो. त्यांना सगळं अंधूक दिसलं आणि ते सौजन्याने "छान होतं" म्हणाले. तुमच्या आईंच्या वाऱ्याच्या वाक्यावरून मला तेच आठवलं.

आणि घरी सराव करा. नळीतून तोंडाने श्वास घेणं पहिल्यांदा घाबरवतं. मोठ्या टबात पाणी घ्या, टब टेबलावर ठेवा, आईंना खुर्चीवर बसवा आणि मास्क लावून चेहरा पाण्यात. रोज पाच मिनिटं. सासरे आठव्या दिवशी त्यात आरामात गाणं गुणगुणायला लागले होते.

पायवाट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांची परवानगी आधी घ्या, बीपीसकट. दीड वर्ष झालंय आणि जिना जमतोय म्हणजे पाण्यात अडचण येऊ नये. जपायचं ते पडण्यापासून आणि गुडघा पिळवटण्यापासून. अनवाणी नको, रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. ओल्या वाळूत पाय रुतला की शरीर वळतं आणि पाऊल तिथेच राहतं, म्हणून दोन्ही बाजूंनी दोन माणसं हवीत.

काचेच्या नावेत बहुतेक ठिकाणी उथळ पाण्यातून चढावं लागतं आणि नावेची कड उंच असते. एक पाय वर टाकून अंग ओढून घेणं आईंना जमणार नाही, त्यांना तसं करूही देऊ नका. नाववाल्याला आधी विचारा, धक्क्यावरून चढवतो का? नाहीतर शिडी किंवा भक्कम स्टूल आहे का? नसेल तर दुसरा नाववाला बघा. पैसे चढल्यानंतर द्या.

खाडीकाठ:
पायवाट यांच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

राहिलेले प्रश्न. चमकणारा समुद्र म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, त्यांना धक्का लागला की ते उजळतात. त्यासाठी काळोख लागतो, अमावास्येच्या आसपासचा. ज्या चंद्रामुळे तुम्हाला डबकी मिळणार, त्याच्याच उजेडात ती चमक झाकली जाईल. लेकीला आधीच सांगा, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड होणार नाही. त्याऐवजी पौर्णिमेच्या संध्याकाळी हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर थांबा. तिथे साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो, आपल्यापेक्षा तासभर आधी, आणि थोड्याच वेळात मागच्या झाडांवर चंद्र येतो. चार वाजताच पोचा, पुण्याच्या घड्याळाने निघालात तर अंधार गाठाल.

प्रवाळाचा तुकडा आणू नका, मेलेलाही नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो. लेकीच्या खिशातही काही राहिलं नाही ना ते बघा.

निशिगंध:
एक राहिलं. आईंना रंगांबद्दल थोडं सांगून ठेवा. फोटोतले भडक रंग तिथे कमी दिसतात. जिवंत प्रवाळ बहुतेक तपकिरी, हिरवट असतं, कारण त्याच्या अंगात राहणारं शैवाल त्या रंगाचं. पांढरंशुभ्र दिसलं तर ते शैवाल निघून गेलेलं. २०१०मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानात खूप प्रवाळ असं पांढरं पडलं होतं. विज्ञानाच्या बाईंना हे कळून बघण्यात जास्त आनंद होईल असं वाटतं.

पाण्यात जमलंच नाही तर निराश होऊ नका. पोर्ट ब्लेअरहून नॉर्थ बेला जाता येतं. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर जे दीपगृह आहे ते तिथलंच. तिथे पोटात खिडक्या असलेली बोट असते, आपण पाण्याखालच्या भागात बाकावर बसून बाहेर बघायचं. आत जायचा जिना उभा आहे, पण कठडा असतो. सुरू आहे का ते पोचल्यावर चौकशी करा.

तुमचे अहो स्कूबा करणार असतील तर ५ तारखेला नको. डायव्हिंगनंतर विमानात बसायला किमान अठरा तास जाऊ द्यावेत. लेक नऊ वर्षांची, समुद्रातल्या पहिल्या डाइव्हला दहा पूर्ण लागतात. तिला आजीसोबत रिंग धरून तरंगू द्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी परवानगी दिली, "लाटेत नको, शांत पाण्यात चालेल" म्हणाले. इन्कॉइसवरून वेळा उतरवून घेतल्या. हॅवलॉकची एक रात्र कमी करून नीलला तीन रात्री केल्या, म्हणजे एखादा दिवस वाऱ्यात गेला तरी हातात दिवस राहील. बोटीचं तिकीटही बदलून मिळालं.

नंबरचा मास्क आला. परवापासून सराव सुरू आहे. टब टेबलावर मावेना, म्हणून आजीचं जुनं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढलं. पहिल्या दिवशी आई चार सेकंदांत तोंड वर काढत होती. आज लेकीने घंगाळाच्या तळाशी रांगोळीचे रंग भरलेली छोटी बाटली आणि दोन शिंपले ठेवले होते. आईने चेहरा आत घातला तो दीड मिनिट वर काढलाच नाही. मग नळी काढून म्हणाली, "सगळं मोठं दिसतंय गं. प्रकाशाचं वक्रीभवन." आणि लेकीला ओल्या हातांनीच वहीत आकृती काढून दिली.

एकच शंका उरली आहे. आई पोहण्याचा पोशाख घालणार नाही. पूर्ण बाह्यांचा अंगाला बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग चालेल ना? कापड सुती नको हे वाचलं आहे. कोणी आपल्या आईला असं नेलं असेल तर काय घातलं होतं ते सांगा, शनिवारी खरेदीला जाणार आहोत.

निशिगंध:
चालेल, उलट तेच उत्तम. उन्हापासून पाठ वाचते आणि सनस्क्रीन कमी लागतं, ते प्रवाळालाही बरं. नायलॉनचं घ्या, सुती कापड पाणी पिऊन जड होतं. पुढे चेन असलेलं बघा, ओलं कपडं डोक्यावरून काढताना खांदे दुखतात. गडद रंग घ्या. आणि चेहऱ्याला मास्क लावण्याआधी केस घट्ट मागे बांधा, एक बट जरी आत राहिली तरी पाणी येतं.