एक आंबा, चार माणसं

बी-३०२ वहिनी: काल स्टेशनबाहेर हापूसवाला बसला होता, डझनाचा भाव विचारायची हिंमतच झाली नाही, म्हटलं भैया एकच दे. आधी नुसता बघतच राहिला, मग दिला, ८० रुपयांना. एक आंबा आणि आम्ही चार माणसं 😄

ए-१०४ काकू: अगं मग बाठा कोणाला?

बी-३०२ वहिनी: बाठा माझाच काकू! दोन गाल दोन पोरांना, ह्यांना साली दिल्या, त्यांनी त्या दाताने पार पांढऱ्या होईपर्यंत खरवडल्या, आणि मी ओट्यापाशी उभी राहून बाठा चोखला, कोपरापर्यंत रस. ह्याच आठवड्यात दोघांच्या फिया भरल्यात त्यामुळे ३० तारखेपर्यंत बॅलन्स बघायचाच नाही असं ठरलंय. तरी अजिबात वाईट वाटलं नाही हां.

सी-२०१ काका: मेच्या शेवटी घ्यायचा वहिनी. पावसाची चाहूल लागली की भाव धाडकन खाली येतो. आणि रसाला पायरी, हापूस कापून खायचा.

बी-३०२ वहिनी: माहितीये हो काका, पण मला एप्रिलमध्येच खायचा होता ना 🙈

सेक्रेटरी: नम्र विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी कृपया

ए-४०२: साहेब मेंटेनन्स भरला म्हणूनच एक आंबा आला 😂😂

सी-२०१ काका: माझी चैन वाचनाची. ठाण्यात १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय असताना पुस्तकं विकत कशाला. दिवाळी अंक पण मी लायब्ररीतलेच वाचतो, होळीपर्यंत पुरतात. फक्त एक अंक दरवर्षी विकत घेतो, कोरा वास यायला पाहिजे ना हाताला.

डी-१०३: मी मोगऱ्याचा गजरा. घरी म्हणतात संध्याकाळी सुकतो, पैसे पाण्यात. सुकू दे की, तोवर लोकलमधली अर्धी बायकांची डबा माझ्याकडे वळून बघते

डी-१०३: *अर्धा बायकांचा डबा. ऑटोकरेक्ट मेलं.

ए-१०४ काकू: मला बाई काही विकत आणावं लागत नाही. आठवडाभर साय साठवते, विरजण लावते, लोणी काढून मंद गॅसवर कढवायला ठेवते, वास जिन्यात गेला की समजा झालं. तूप गाळलं की कढईत जी बेरी उरते ना खरपूस, त्यात गरम असतानाच साखर. ह्यांना डॉक्टरांनी तूप बंद केलंय म्हणून सगळी मलाच 😌

सेक्रेटरी: आता विषय निघालाच आहे तर. माझा पास साधा सेकंडचा. पण शुक्रवारी येताना एसी लोकलचं सुटं तिकीट काढतो, २०२२ च्या मे महिन्यात भाडं निम्म्यावर आलं तेव्हापासून. दारं बंद झाली की शर्टाची कॉलर सुकायला लागते, घाटकोपरपर्यंत झोप. घरी माहीत नाही.

बी-३०३: आता माहीत झालं. मी पण आहे ह्या ग्रुपवर.

ए-४०२: 🤣🤣🤣

डी-१०३: काकू आज शनिवार, तूप आजच कढवता ना? बेरी आहे का थोडी?

ए-१०४ काकू: अगं मगाशीच संपली, कढईतूनच खाल्ली. साय शिल्लक आहे.