स्त्रीबीज की अंडपेशी?

खडीसाखर: एमिली मार्टिन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या १९९१च्या निबंधावर वाचनगटासाठी टिपण करतेय. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शुक्राणू पराक्रमी वीर आणि अंडं म्हणजे त्याची वाट बघत बसलेली नवरी, असं वर्णन कसं येतं हे त्यांनी दाखवलंय. मी सवयीने 'स्त्रीबीज' लिहिलं. मैत्रीण म्हणते 'अंडपेशी' हवं. का, ते तिला सांगता येईना.

जुनाजाणता: स्त्रीबीजच. दवाखान्यात सगळे तेच म्हणतात. अंडपेशी म्हटलं की कोंबडी आठवते.

रानवाट: वनस्पतिशास्त्र शिकवायचे, म्हणून राहवत नाही. बी तयार होते फलनानंतर, आत भ्रूण असतो. त्याआधी बीजांडात असते ती अंडपेशी. तिला बीज कसं म्हणणार? परागकणही बी नव्हे. तेव्हा पुरुषबीजही बादच.

खडीसाखर: म्हणजे मनुस्मृतीतलं 'क्षेत्रभूता स्मृता नारी बीजभूतः स्मृतः पुमान्' झाडांनाही लागू पडत नाही!

उंबरठा: मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी याच बीज-क्षेत्राच्या रूपकावर लिहिलंय. बी त्याचं, शेत ती, आणि शेतावर हक्कही त्याचाच. मग पीक कोणाचं हे विचारायलाच नको. म्हणून मला स्त्रीबीज हा शब्द आवडतो. जिला नुसती जमीन समजले तिच्याकडेही बी आहे, हे तो शब्द सांगतो. सस्तन प्राण्यांचं अंडं भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअर यांना दिसलंच मुळी १८२७ साली. आमच्या नात्यात एकीला सात वर्षं मूल नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "जमीनच खडकाळ, बी काय करणार!" तपासणीत दोष त्यांच्या मुलात निघाला. त्यावर, "असतं एखाद्याचं कमीजास्त."

जुनाजाणता: 'शुद्ध बीजापोटी' ही म्हण आता बंद करायची का?

उंबरठा: करू नका. पण मूल वाया गेलं की 'खाण तशी माती' कोणाला ऐकवतात, तेही आठवा.

रानवाट: एक गंमत बघा. तो शुक्राणू, ती अंडपेशी, ते स्त्रीबीज. शुक्राणूऐवजी शुक्रपेशी घातलं तर 'शुक्रपेशी पोहत पोहत आली' असं होतं. वीरश्री कुठल्या कुठे गेली!

जुनाजाणता: व्याकरणातल्या लिंगाचा देहाशी काय संबंध? दाढी-मिशी स्त्रीलिंगी आणि स्तन पुल्लिंगी. बीज म्हणाल तर भाऊबीजेत ती बीज होते.

रानवाट: ती बीज द्वितीयेवरून आली हो, बियाण्यावरून नाही. पण बी तरी ती की ते? आमच्याकडे सीताफळाची बी, शेतात मात्र पेरलेलं बी.

जुनाजाणता: बरोबर आहे. थुंकायची ती, पेरायचं ते.

खडीसाखर: मी सध्या दोन्ही शब्द ठेवलेत, तिरकी रेघ देऊन. शुक्राणूचं मात्र शुक्रपेशी केलंय, बघू कोण दचकतं ते.

जुनाजाणता: आणि सरकी? तिचं काय?