मासिकांकडे फोटो पाठवणाऱ्या होतकरू मॉडेलचं पुढे काय व्हायचं?

रोलफिल्म:
साधारण १९६० ते ८५ या काळात बऱ्याच मुली मुंबईच्या मासिकांना टपालानं स्वतःचे फोटो पाठवत. त्यावरून मुखपृष्ठ मिळायचं का? नाकारलेले फोटो परत का येत नसत?

खिळेजुळारी:
स्पर्धेची वाट वेगळी आणि नुसत्या टपालाची वेगळी. 'फेमिना'ची मिस इंडिया १९६४ पासूनची. 'ईव्हज वीकली'ची स्वतःची स्पर्धा होती. १९६६ ची विजेती रीटा फारिया मूळ गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत ग्रँट मेडिकलला शिकणारी, आणि त्याच वर्षी मिस वर्ल्ड झाली. पडद्यासाठी 'फिल्मफेअर'च्या स्पर्धा होत्या, धर्मेंद्र आणि राजेश खन्ना त्यांतूनच आले. अशा ठिकाणी फोटो ही पहिली चाळणी. त्यातून निवडलेल्यांना प्रत्यक्ष बोलावत.

न मागता आलेल्या पाकिटाचं नशीब मात्र वाईट. मासिक म्हणजे काही मॉडेल पुरवणारी एजन्सी नव्हे. मुखपृष्ठाचं काम ओळखीच्या छायाचित्रकाराकडे जायचं आणि चेहरा बहुधा तोच सुचवायचा. म्हणून जाणकार मुली संपादकाला पत्र न लिहिता छायाचित्रकाराला किंवा जाहिरात एजन्सीला गाठत. मराठीत तर दलाल-मुळगावकर या चित्रकारांच्या जमान्यात मुखपृष्ठावर चित्रच असे, फोटोला जागाच कुठे होती!

हाफटोन६५:
चेहरा चांगला असूनही फोटो बाद होण्याचं मोठं कारण तांत्रिक होतं. रंगीत मुखपृष्ठाचं कलर सेपरेशन, म्हणजे छपाईसाठी रंग वेगळे काढणं, ट्रान्स्परन्सीवरून (स्लाइडसारख्या पारदर्शक पॉझिटिव्ह फिल्मवरून) होई. घरून येई तो रंगीत प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली दुसरी पिढी. छापताना कॉन्ट्रास्ट आणखी बिघडे. ३५ मिमीची स्लाइड असली तरी ३६ मिमीची बाजू २८ सेंमी उंचीपर्यंत न्यायची म्हणजे जवळजवळ आठपट, कापाकापी धरली तर जास्तच, आणि फिल्मचा दाणा दिसू लागे. रुंद १२० फिल्मच्या ६×६ सेंमी चौकटीवर तेच काम पाचपटीत भागे. शिवाय डोक्यावर मासिकाच्या नावाला मोकळी जागा लागते. स्टुडिओवाले चौकट भरून चेहरा घेत, म्हणजे नाव थेट कपाळावर!

आतल्या पानांना कृष्णधवल ग्लॉसी प्रिंट चाले, शक्यतो ८×१० इंची. रेशमी पोताच्या कागदावरचा प्रिंट नको, कारण ब्लॉक (छपाईचा धातूचा ठसा) करताना पोतही उतरतो. फोटो ठिपक्यांत फोडणारी जाळी न्यूजप्रिंटला इंचाला ६५ रेषांची, आर्ट पेपरला १२०-१३३. सॉफ्ट फोकस आणि भरपूर रीटचिंग केलेला चेहरा ६५ च्या जाळीत पिठासारखा सपाट होतो. हातानं रंगवलेला फोटो तर सरळ बाजूला जायचा.

मागच्या बाजूला बॉलपेननं जोरात नाव लिहिलं की पुढे वळ उठे आणि कॅमेऱ्याखाली तिरप्या प्रकाशात तो रेघ होऊन दिसे. मऊ पेन्सिल वापरायची, किंवा चिठ्ठीवर आधी लिहून मग ती चिकटवायची. टाचणी, यू-पिन नको. दोन्ही बाजूंना पुठ्ठा हवाच.

साभार_परत:
परतीचं उत्तर सोपं आहे. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत नसेल तर साहित्य परत नाही, हा कथा-कवितांचा नियम फोटोंनाही लागे. लोक पत्राच्या आकाराचं पाकीट जोडत, त्यात ८×१० मावणार कसा? नाव-पत्ता नुसत्या पत्रावर आणि फोटोची पाठ कोरी असेल, तर पत्र फाइलला जाई आणि फोटो बेवारस होई. त्यात दुष्टावा कमी, गचाळपणा जास्त. तरी न विचारता तोच फोटो महिन्यांनी एखाद्या सौंदर्य-सल्ल्याच्या लेखाला जोडणं हे चूकच, आणि लेखी संमती मागायची पद्धत ढिली असल्यानं ते खपून जाई.

रोलफिल्म:
पण स्टुडिओला पैसे देऊन काढलेला फोटो कायद्यानं कुणाचा?

साभार_परत:
वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढवून घेणाऱ्याचा. निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात असली तरी हक्क तिचा. मासिकाच्या पगारी छायाचित्रकारानं काढला असेल, तर मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. मुदत आधी प्रसिद्धीपासून ५० वर्षं होती, १९९२ च्या दुरुस्तीनं ६० झाली. २०१२ मध्ये फोटोंचं वेगळं कलमच गेलं, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात. जुन्या अंकातलं पान स्कॅन करून छापण्याआधी फोटोखालचं श्रेय वाचा.