मदत हवी आहे: व्हीएम मजेत चालतात, पण होस्ट गुडघे टेकतो. रॅम जाते कुठे?

अमळनेरकर

राम राम मंडळी,

अमळनेरला माझा छोटा संगणक क्लास आहे. पोरांकडून लिनक्स आणि नेटवर्किंगची प्रॅक्टिकल्स करून घ्यायची म्हणून एका डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलंय. मशीन साधंच आहे. ८ जीबी डीडीआर४ ची एकच स्टिक, आणि एसएसडी नाही, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. होस्ट, म्हणजे खरं मशीन, विंडोज १० वर. त्यावर दोन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने आत चालवलेले दोन आभासी संगणक, आपले पाहुणे: एक विंडोज १०, तिला २५६० एमबी रॅम, दुसरी उबुंटू लिनक्स डेस्कटॉप, तिला २०४८.

दोन्ही चालू केल्या की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसते. बसू दे. पण प्रोसेसच्या यादीत व्हर्च्युअलबॉक्सच्या नावापुढे जेमतेम शे-दीडशे एमबी दिसतात. सगळ्या ओळींची बेरीज मारली तरी ती तीन जीबीच्या पुढे सरकत नाही. मग बाकीचे साडेचार जीबी कोण खातंय? व्हायरस स्कॅन झाला, काही सापडलं नाही.

त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे व्हीएम आतून व्यवस्थित चालतात, मरतो तो होस्ट. क्रोमचा टॅब बदलला की पांढरा पडदा, डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही, आणि स्टार्ट मेनू उघडेपर्यंत पोरं वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळायला लागतात. मला तर वाटायचं, त्रास व्हायचाच तर पाहुण्याला आधी व्हायला हवा!

अजून एक. उबुंटूत सगळं बंद करून 'फ्री' कमांड दिली तर वापरात ७०० एमबीच दिसते. तरी होस्टला एक एमबीही परत मिळत नाही.

इथल्या एका दुकानदाराने मशीन न उघडताच नव्या आय-सेव्हनचं कोटेशन हातात ठेवलं. क्लासची फी बघता ते या जन्मी शक्य नाही. दुसरा काही मार्ग?

रावेरची_केळी

सर, मे महिना आहे. दुपारी प्रोसेसर तापला की आपोआप वेग कमी करतो. कॅबिनेट उघडून फॅनवरची धूळ काढा आधी.

अमळनेरकर

काढली भाऊ, वाटीभर निघाली. पण सकाळी सातच्या बॅचलाही हेच रडगाणं आहे, आणि एकही व्हीएम चालू नसली तर भर दुपारीही मशीन ठीक चालतं.

भुसावळ_जंक्शन

मग उन्हाचा दोष नाही. सर, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्याची रॅम साध्या प्रोग्रामसारखी मागत नाही. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, रॅमची पानं (छोटे तुकडे) घेतो आणि जागेवर कुलूपबंद करतो. ती कुठल्याच प्रोसेसच्या नावावर चढत नाहीत, म्हणून तुमची बेरीज जुळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं रॅममॅप हे फुकट टूल चालवा. त्यात 'ड्रायव्हर लॉक्ड' अशी ओळ आहे, तुमचे साडेचार जीबी तिथे सापडतील.

रॅम भरली की विंडोज काही पानं डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये ढकलतं, पण कुलूपबंद पानं तशी ढकलता येत नाहीत. रॅम कमी पडली की ढकलायला उरतं काय? क्रोम, एक्सप्लोरर, स्टार्ट मेनू. व्हीएमला धक्काही लागत नाही आणि बाकी सगळ्यांची फिरत्या डिस्कवर ये-जा सुरू होते. तोच तुमचा लाल दिवा.

उबुंटूचं म्हणाल, तर 'फ्री'मध्ये 'बफ/कॅश'चा रकाना बघा. मोकळी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशला लावून टाकतं. पाहुण्याच्या हिशेबात ती हवी तेव्हा सुटणारी रॅम, पण होस्टला हा हिशेब दिसतच नाही. एकदा हात लागलेलं पान होस्टच्या लेखी वापरातलंच.

धुळ्याचा_भो

भो, तुन्हा मशीनमा काही वांधा नई शे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मेमरी बलून असतो. व्हीएमच्या आत गेस्ट ॲडिशन्स हे त्याचं जोड-सॉफ्टवेअर टाका आणि होस्टवर व्हीबॉक्समॅनेजच्या कमांडने बलून फुगवा, पाहुण्याकडची जास्तीची रॅम काढून घेता येते.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, निघते खरी, पण होस्टला मिळत नाही. ती फक्त व्हर्च्युअलबॉक्सच दुसऱ्या व्हीएमसाठी वापरू शकतं, त्यांच्या मॅन्युअलमध्येच तसं स्पष्ट लिहिलंय. सरांच्या क्रोमला त्यातून काही मिळायचं नाही. हायपर-व्ही, म्हणजे विंडोजमधलीच व्हीएम चालवायची सोय, तिची डायनॅमिक मेमरी होस्टला परत देते, पण त्यासाठी विंडोज प्रो लागतं, होमवर ते नाही. शिवाय हायपर-व्ही चालू केलं की व्हर्च्युअलबॉक्सच्या कोपऱ्यात हिरवं कासव येऊन बसतं, आणि ते नावाला जागतं.

सर, मी तुमच्या जागी असते तर उबुंटू डेस्कटॉप काढून डेबियन हे दुसरं लिनक्स टाकलं असतं, तेही ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय. नेटवर्किंगच्या कमांड शिकवायला ५१२ एमबी पुष्कळ झाले. ती हेडलेस, म्हणजे पडद्यावर खिडकी न उघडता, सुरू करा आणि पुटी या लॉगिन करायच्या प्रोग्रामने आत शिरा. विंडोजवाली २०४८ वर आणा. ६४ बिट विंडोज १० ची ती किमान गरजच आहे, त्याखाली जाऊ नका. इथेच दोन जीबी सुटतात.

आणि मधल्या सुट्टीत व्हीएम 'पॉज' करत असाल तर त्याने रॅम सुटत नाही, फक्त प्रोसेसर मोकळा होतो. 'सेव्ह स्टेट' करा. मग आतली रॅम डिस्कवर फाइल म्हणून लिहिली जाते आणि होस्टची जागा खरोखर रिकामी होते. तुमच्या डिस्कवर जरा वेळ लागेल.

अमळनेरकर

ताई, रॅममॅप चालवलं. 'ड्रायव्हर लॉक्ड'समोर साडेचार जीबी, अगदी बोट ठेवून दाखवल्यासारखे!

डेबियन टाकलं, विंडोजवाली खाली आणली. दोन्ही चालू असताना आता मेमरी सत्तर टक्क्यांच्या आसपास राहते आणि दिवा मधूनमधून विझतो. स्टार्ट मेनू क्लिक केल्यावर उघडतो, पोरं नाराज आहेत.

बोर्डावर एक स्लॉट रिकामा आहे. शनिवारी जळगावला जाणं होणार आहे, गोलाणी मार्केटमध्ये ८ जीबीची स्टिक बघावी की आधी एसएसडी? पैसे एकाच वस्तूचे आहेत.

भुसावळ_जंक्शन

तुमच्या कामाला आधी रॅम. एसएसडीने पेजफाइलची ये-जा जलद होईल, पण रॅम वाढली तर ती बहुतेक लागणारच नाही. जुन्या स्टिकवरचा डीडीआर४ चा वेग आणि व्होल्टेज यांचा फोटो काढून न्या आणि जोडीला तशीच घ्या. दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे दोन्ही स्टिकांशी एकाच वेळी देवाणघेवाण होते, त्याचा फायदा वेगळा. ते सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या टूलच्या मेमरी टॅबमध्ये दिसेल.

धुळ्याचा_भो

दुकानात लावूनच घ्या सर, घरी येऊन रॅम जुळली नाही म्हणून मशीनचे बीप ऐकत बसू नका.