मदत हवी आहे: दाढेचं इन्फेक्शन परत परत येतंय, खर्च झेपत नाही

सांजवात
परत सुजलंय. वर्षभरात ही तिसरी वेळ. गोळ्या घेतल्या की आठ दिवसांत बरं वाटतं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच ठणका. हिरडीवर पुटकुळी येते, ती फुटली की तोंडात घाण चव पसरते आणि दुखणं एकदम उतरतं. रात्री आडवं झालं की दाढेत ठोके पडतात. डॉक्टरांनी सांगितलेला खर्च मला या वर्षात तरी जमणार नाही. कृपया 'डॉक्टरकडे जा' एवढंच लिहू नका. कोणती गोळी घेतली की हे कायमचं जाईल ते सांगा.

पाणवठा
कोणती दाढ? वरची की खालची? एक्स-रे काढलाय का? आधी त्या दाढेत काही काम झालंय? मधुमेह आहे का? आणि गोळ्या कोणत्या, कोणी दिल्या?

सांजवात
खालची, उजवीकडची. मधुमेह नाही. गोळ्या मागच्या वेळच्या उरलेल्या होत्या, सूज उतरली की थांबवते.

रानवाट
अक्कलदाढ असणार! माझीही अशीच होती. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली, त्या खाचेत घाण साचून सुजायची. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि मऊ ब्रशने मागपर्यंत घासा. मला खूप फरक पडला.

सांजवात
अक्कलदाढ नाही हो. ती केव्हाच काढली.

पाणवठा
मग गोळीची आशा सोडा, मनापासून सांगते. औषध रक्तातून पोचतं. दाढेतली नस मेली की आत रक्त जातच नाही, त्यामुळे मुळाच्या नळीतले जंतू तसेच राहतात. गोळीने बाहेरची सूज दबते, आतलं घर शाबूत. पुटकुळी म्हणजे पू बाहेर यायची वाट. ती फुटल्यावर दुखणं थांबतं ते दाब कमी झाल्यामुळे, बरं झाल्यामुळे नाही. आणि उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

जुनापिंपळ
लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन लावा. मी वीस वर्षं तेच करतोय, दवाखान्याची पायरी चढलो नाही.

पाणवठा
काका, लवंगेतल्या युजेनॉलने बधिरता येते, पू जात नाही. निव्वळ तेल हिरडीवर ठेवलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरीनची गोळी दाढेशी धरून ठेवणारेही असतात, तेही करू नका.

उंबरठा
सरळ काढून टाका. रूट कॅनालपेक्षा खर्च बराच कमी आणि इन्फेक्शनचं मूळच जातं. मी काढली, काही अडलं नाही.

पाणवठा
तुमचं अडलं नसेल. जागा मोकळी राहिली तर शेजारचे दात तिकडे कलतात, वरच्या जबड्यातला त्याच्या समोरचा दात हळूहळू खाली उतरतो. वाचण्यासारखी असेल तर वाचवावी.

उंबरठा
पैसेच नसतील तर वाचवायची कशाने? वर्षभर पू गिळत बसण्यापेक्षा काढणं चांगलं. तोही उपचारच आहे.

चिंचपान
माझ्या मुलाच्या दुधाच्या दाढेला कीड लागलीये. पडणारच आहे म्हणून सोडली तर चालेल का?

पाणवठा
चालणार नाही, खालच्या पक्क्या दातालाही त्रास होऊ शकतो. वेगळा धागा काढा ना. सांजवात, आधी काय काम झालं होतं ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

सांजवात
याच दाढेचं रूट कॅनाल चार वर्षांपूर्वी झालंय. कॅप राहिली, तेव्हाही पैसे नव्हते. रूट कॅनाल झालेली दाढ दुखू शकत नाही असं मला वाटलं, म्हणून लिहिलं नाही.

पाणवठा
अहो ताई, हेच तर महत्त्वाचं होतं! कॅप नसली की वरचं सिमेंट झिजतं, फटीतून लाळ आणि जंतू परत मुळापर्यंत जातात. दाढ तडकलेलीही असू शकते. आधी त्या एकाच दाढेचा छोटा एक्स-रे काढा. तडा मुळापर्यंत असेल तर पुन्हा रूट कॅनाल करून पैसे घालवू नका, तिथे उंबरठा म्हणतात तेच खरं. डेंटल कॉलेजमध्ये विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खूप कमी, फक्त खेपा जास्त. कुठेही गेलात तरी स्पष्ट विचारा: 'आज फक्त पू काढून दुखणं थांबवाल का? बाकीचं टप्प्याटप्प्याने करते.'

उंबरठा
तोवर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र चालतात. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन नको. गिळताना त्रास, जिभेखाली किंवा जबड्याखाली सूज, तोंड न उघडणं, श्वास अडकणं, यातलं काही असेल तर एक रात्रही थांबू नका.

सांजवात
तोंड सकाळपासून जेमतेम एक बोट उघडतंय. सुजेमुळे असेल असं वाटलं.

पाणवठा
आत्ता निघा. पैशाचं तिथे गेल्यावर बोला.

उंबरठा
एकट्या जाऊ नका. तातडीच्या विभागात जा आणि तोंड उघडत नाही हे आधी सांगा.

सांजवात
(दुसऱ्या दिवशी) जबड्याखाली पू साचला होता. चीर देऊन काढला, रात्रभर ठेवून घेतलं, सलाइनमधून औषध दिलं. आज तोंड दोन बोटं उघडतंय आणि कित्येक दिवसांनी झोपले. एक्स-रेमध्ये मुळाला उभा तडा दिसला, त्यामुळे दाढ पुढच्या आठवड्यात काढायची ठरलीये. ती जागा वर्षभर तशीच ठेवली तर दात किती सरकतात? ज्यांनी काढलीये त्यांनी सांगा.