पद्मिनी पडवीत उघडलीय, सुट्या भागांचा मेळ कसा ठेवायचा?

पडवीतली_पद्मिनी (फोंडा)
प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडी, १०८९ सीसी. बंपर, ग्रिल, सीट आणि पुढचे दोन्ही दरवाजे उतरवलेत. इंजिन गाडीतच आहे. जागा कौलारू पडवीची, तीन बाजूंनी उघडी. नट-बोल्ट दोन बादल्यांत एकत्र पडलेत. मास्किंग टेपवर पेनाने लिहिलेली नावं तेलाने पुसली गेली. सलग वेळ आता चवथीनंतरच (गणेशचतुर्थी) मिळेल. मृगाआधी काय उघडावं आणि काय तसंच ठेवावं?

डिचोलीचा_पाना
बादल्या रिकाम्या होईपर्यंत नवा बोल्ट सैल करू नका. उतरवलेला एकेक भाग समोर घ्या, त्याच्या भोकांत बसणारे बोल्ट शोधा आणि त्या भागाची वेगळी पिशवी करा. चिठ्ठी जाड पुठ्ठ्याची हवी आणि लिहायचं शिसपेन्सिलीनेच. पेनाची शाई रॉकेलमध्ये विरघळते, शिसं विरघळत नाही. चिठ्ठीवर भागाचं नाव, बाजू, बोल्ट किती आणि वॉशरचा क्रम लिहा. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं, नाहीतर समोर उभं राहून लिहिलेली चिठ्ठी उलटी वाचली जाते.

वॉटर पंप, टायमिंग कव्हर अशा ठिकाणी पिशवी पुरत नाही, कारण बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, पण कव्हर दाबलं जात नाही आणि तिथून गळती सुरू होते. आणखी जोर लावला तर बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

खारा_वारा (काणकोण)
वरचं सगळं बरोबर, पण ओला बोल्ट पिशवीत बंद केला तर आतल्या आतच गंजतो. रॉकेलने धुवा, कडक उन्हात वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून निथळा, मगच पिशवी बंद करा. डब्ल्यूडी-४० हा तेलकट फवारा चार महिने टिकणारा नव्हे, त्याचा थर फार पातळ असतो. मशीन केलेल्या पृष्ठभागांना ग्रीसच हवं. खोकी फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

पत्रा दिवसाला तेवढाच घासा जेवढ्याला संध्याकाळपर्यंत इपॉक्सी प्रायमर मारता येईल. साधा सरफेसर (रंगाखालचा थर) पाणी पितो. वरून ठीक दिसतं, खाली गंज धरतो. शेवटचा रंग पावसाळा संपल्यावरच.

बोनेटखाली
दरवाजे काढलेत असं लिहिलंय, ते आधी परत लावा. फ्लोअर किंवा दाराखालचा पत्रा कापायचा असेल तर लावलेला दरवाजाच तुमचं माप. दरवाजाशिवाय पत्रा वेल्ड केला की बॉडी किंचित वाकते आणि नंतर दाराभोवतीची फट कितीही खटपट केली तरी सारखी होत नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता वेल्ड करा. बिजागरीखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) असतील तर मोजून त्याच बिजागरीला बांधा.

इंजिन मृगाआधी उघडू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा इंजिन ऑइल घाला, प्लग लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि दर आठवड्याला क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून थोडं फिरवा. दरवेळी वेगळ्या जागी थांबवा, म्हणजे पिस्टनच्या रिंग एकाच ठिकाणी चिकटत नाहीत. पुढे इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडाल तेव्हा आठही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लागणाऱ्या दांड्या) पुठ्ठ्यात १ ते ८ क्रमाने खोचा. ज्या टॅपेटवर (पुशरॉडखालचा ठोकळा) घासून बसलेत तिथेच परत जायला हवेत.

पडवीतली_पद्मिनी (फोंडा)
दरवाजे या रविवारी परत चढवतो. वायरिंग आणि ब्रेक?

डिचोलीचा_पाना
वायर कापू नका, जोडातून काढा. दोन्ही टोकांना एकच नंबर बांधा आणि आधी दोन फोटो घ्या: एक लांबून, एक जवळून. टेप नको, पावसाळ्यात तिचा गोंद पाघळतो.

ब्रेकचे दोन्ही ड्रम एकदम उघडू नका. एक बाजू पूर्ण जोडा, मगच दुसरी. स्प्रिंग कुठे अडकते हे बघायला न उघडलेली बाजू लागते. जुन्या लायनिंगची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि जुना भाग नवा बसल्याशिवाय टाकू नका. कुर्ल्याहून स्पेअर मागवताना तोच नमुना दाखवावा लागतो.